मुक्या बदकाचं गाऱ्हाणं

ही बदकं ओरडत नाहीत. नर नुसता फुसफुसतो, मादी फार तर कण्हल्यासारखा आवाज काढते. त्यांना मस्कोव्ही म्हणतात हे मला फार उशिरा कळलं; आमच्या गोव्यात, धारगळात ती मुकी बदकं. माझे यजमान पाळी गावच्या खाणीवर ट्रक चालवायचे. पहिली जोडी त्यांनी ट्रकच्या केबिनमध्ये बसवून आणली, तेव्हा मी म्हटलं होतं, या घरात तुम्ही एक मुके आहात तेवढे पुरे. ते हसले, बोलले नाहीतच.

पुढे ते गेले. मुलगा आखातात नोकरीला लागला. त्या वर्षांत कोकणी की मराठी यावरून चहाच्या दुकानात लोक हमरीतुमरीवर येत. माझ्या घरात कुठल्याच भाषेत बोलायला कुणी नव्हतं.

हळवी म्हणाल तर मी मुळीच नाही. बदकं वाढवली, विकली, आणि खोबऱ्याच्या वाटणात शिजवलीही. उडून जाऊ नयेत म्हणून त्यांच्या एका पंखाची पिसं छाटायची, तेही मीच करायची. पण एक नर राहून गेला. तोंडभर लाल चामखिळी, दिसायला अगदी कुरूप. सकाळी दारावर येणाऱ्या पोदेराकडून, पाववाल्याकडून, पाव घेतला की हा पायरीशी हजर. मी बोलायची, तो मान मागंपुढं करत शेपटी हलवायचा. मुलाची खुशाली आली नाही की तो रागही मी याच्यापुढेच ओकायची. मुलाला मात्र कळवायची, मी मजेत आहे.

वर्षातून एकदा आम्ही राखणदार देवाला कोंबड्याचा बळी देतो. तो आमची शेतं राखतो, आणि घर सोडून दूर गेलेल्या माणसांनाही. हा कोंबडा विकतचा चालत नाही, घरात वाढवलेलाच लागतो. त्या वर्षी नेमका आदल्या दिवशी तो मुंगसानं नेला.

गाऱ्हाणं घालायला, म्हणजे आमच्या वतीनं देवाकडे मागणं मागायला, शेजारचे म्हातारे काका कोयता घेऊन आले. बदकाकडे बघून म्हणाले, हाही पक्षीच, चालेल. मुलगा परक्या मुलखात, त्याच्यापुढे बदकाची काय मातब्बरी? मीच त्या नराला काखेत मारलं आणि शेताच्या कडेला वडाखाली नेऊन ठेवलं. चांगलाच जड होता. खाली सोडल्यावर पळेल म्हटलं, तर तो माझ्या पायांमागे येऊन उभा राहिला आणि तिथून काकांवर फुसफुसला.

काकांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग कोयता दगडावर ठेवला आणि माझ्या पिशवीतला नारळ मागितला.

गाऱ्हाण्यातल्या प्रत्येक मागणीला घरच्यांनी 'होय महाराजा' म्हणायचं असतं. पूर्वी या वडाखाली आमच्या घरची सगळी तोंडं एकदम म्हणायची आणि पोरं उगाच जास्त ओरडायची. आता म्हणणारी मी एकटी. आधी मुलाची राखण मागून झाली. तिथं मी खणखणीत म्हटलं. मग काकांनी पुन्हा हात जोडले.

"बा राखणदारा, ह्या वर्सा कोंबो मेळूक ना. ही बाय घरात एकटीच आसा. ह्या पक्ष्याबगर तिच्याकडेन उलोवपाक कोण ना. तेका तिच्याकडेन रवूं दी, आनी हो नारळ मानून घे."

मी एकटी आहे, या बदकाशिवाय माझ्याशी बोलायला कुणी नाही, हे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. मुलाला नाही आणि काकांना तर नाहीच. त्यांना हे कुणी सांगितलं म्हणून आधी रागच आला. पण मागणी घालून झाली होती, आणि तिला होकार दिल्याशिवाय गाऱ्हाणं पुरं होणार नव्हतं. काका मान खाली घालून थांबले. बदक माझ्या पायांना टेकून उभं होतं.

"होय महाराजा," मी म्हटलं.