सात किलोंची पिशवी

सगळी गल्ली तिला मार्जिनमावशी म्हणायची. पँट असो की ब्लाउज, आतून दोन बोटं जादा कापड दुमडून ठेवल्याशिवाय ती शिवण घालत नसे. "तुम्ही आज आहात तेवढेच राहणार आहात का?" असं म्हणून ती गिऱ्हाइकाच्या पोटाकडे अशी काही बघायची, की गिऱ्हाईक निमूट माप देऊन जायचं.

पुढे गुडघे कुरकुरायला लागले, तशी दूरच्या शहरातली मुलगी फोनवर म्हणाली, "आई, पुरे झालं आता. दुकान बंद कर आणि इकडे राहायला ये."

"बॉबिन येणार असेल तर येते."

बॉबिन म्हणजे तिचा कुत्रा. पिल्लू असताना दुकानातल्या चिंध्यांच्या ढिगात येऊन झोपला तो तिथलाच झाला. दिवसभर मशीनच्या पायडलजवळ पडून असायचा, पण मावशी नजरेआड झाली की रडून गल्ली डोक्यावर घ्यायचा.

तिकिटाचं काम भाच्याच्या गळ्यात पडलं. त्याने विमान कंपनीचे नियम मोबाइलवर वाचून दाखवले. कुत्रा आणि पिशवी मिळून सात किलोंच्या आत असेल, तर मावशीच्या पायाशी, सीटखाली. त्याहून जड असेल, तर खाली सामानाच्या कप्प्यात, कडक पिंजऱ्यात, एकटा. शिवाय लस टोचल्याचा दाखला, डॉक्टरांचं पत्र आणि हवा खेळती राहील अशी मऊ पिशवी.

"आणि भाडं?"

भाच्याने आकडा सांगितला.

"हे माझं की त्याचं?"

"त्याचं. तू स्वस्तात जातेयस."

"मग खिडकी त्यालाच दे."

"त्याला पिशवीतून तोंडही बाहेर काढायची परवानगी नाही, मावशी."

"एवढे पैसे घेऊन?"

किराणा दुकानाच्या काट्यावर बॉबिन सहा किलो भरला. बाजारातल्या पिशव्यांची शिलाई बघून मावशीने नाक मुरडलं आणि स्वतःच शिवायला बसली. सीटखालच्या जागेची लांबी, रुंदी, उंची तिने भाच्याकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतली. दोन्ही बाजूंना जाळी, दुहेरी अस्तर, तळाला गादी, दाखल्यांना कप्पा, पाण्याच्या वाटीला कप्पा आणि सवयीने सगळीकडून दोन बोटं मार्जिन. पिशवी अशी देखणी झाली, की भाचाही बघत राहिला. पण रिकाम्या पिशवीचं वजन करावं, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही. मावशीने जन्मभर कापड मापलं होतं, तोललं कधीच नव्हतं.

भाचा आत जायचा पास काढून काउंटरपर्यंत सोबत आला. विमानतळावरच्या काट्याने बॉबिनसकट सात किलो चारशे दाखवले.

"मावशी, असं नाही जमणार," काउंटरवरची मुलगी हळूच म्हणाली. "त्याला खाली पाठवावं लागेल. पिंजरा आणलाय का?"

"चारशे ग्रॅमसाठी, मॅडम?" भाच्याने विचारलं.

"माझ्या हातात नाही हो, सर."

मावशीने जाळीतून आत बघितलं. बॉबिन तिच्याकडेच बघत होता. ती फरशीवर बसली, पट्ट्यावर चढायची राहिलेली सूटकेस उघडली आणि कात्री काढली.

"मावशी, कात्री आत नेता येत नाही," काउंटरवरची मुलगी म्हणाली.

"आत कुठे नेतेय? इथेच वापरतेय. तुमचं हे कधी बंद होतं?"

"वीस मिनिटांत."

"तेवढ्यात मी दोन ब्लाउज उसवते."

भाचा बॉबिनला कडेवर घेऊन उभा राहिला. मागची रांग माना उंचावून बघू लागली. गादी निघाली, कप्पे निघाले, आतलं एक अस्तर निघालं. पुन्हा वजन केलं. सात किलो साठ.

आता फक्त मार्जिन उरलं होतं. मावशीचा हात थबकला.

"हे कापलं, की पुढे सैल करून मिळणार नाही," तिने गिऱ्हाइकाला बजावावं तसं भाच्याला बजावलं. मग तीच कडेकडेने कात्री चालवत गेली.

काट्यावर सहा किलो नऊशे ऐंशी आले. मुलीने पिशवीला चिठ्ठी अडकवली. कात्री सूटकेसमध्ये गेली, सूटकेस पट्ट्यावर गेली आणि कापडाचा बोळा भाच्याच्या हातात राहिला.

बॉबिन पिशवीत एकदा गोल फिरला आणि बसला. मावशीने चेन लावली आणि जाळीला तोंड लावून म्हणाली, "आता वाढायचं नाही हं. निदान उतरेपर्यंत तरी."