जिकडे वळावं तिकडे दक्षिण

"माणसं रोह्याला जायला निघतात नि रोह्याला पोचतात," गोविंदा म्हणत होता. "तू पेणातनं निघालीस, दिवसभर डोंगर तुडवलास नि परत पेणातच उतरलीस. ते पण कुठं? अनिताच्या दारात."

हे वाक्य तो मघापासून घोळवत होता आणि दर वेळी 'अनिताच्या दारात' जरा जास्तच चावून म्हणत होता. अनिता म्हणजे त्याची धाकटी बहीण, दोन गावं सोडून पलीकडे दिलेली. गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेली वहिनी आणि तिच्यामागे आणखी दोन बायका परसातल्या केळींतून बाहेर येताना दिसल्या, तेव्हा तिने आधी भावाला फोन लावला होता आणि मग वहिनीला पाणी दिलं होतं.

रंभा पडवीत भिंतीला टेकून लिंबू चोखत बसली होती. अनिताच्या गावाहून तिला तीनचाकी मिनिडोरने आणलं होतं आणि तेवढ्या अंतरातही ड्रायव्हरला मध्येच गाडी थांबवावी लागली होती. रंभाला गाडी लागते. चार चाकांची लागते, तीन चाकांची त्याहून जास्त लागते.

मुलगा अक्षय रोह्याच्या कंपनीतून शिफ्ट संपवून नुकताच आला होता. पायातले बूट न काढताच त्याने फैसला केला की फोन इकडे दे, ते होकायंत्राचं ॲपच काढून टाकतो, म्हणजे कटकट मिटली. सून समीक्षा दारात उभी राहून अळूची देठं सोलत होती आणि तोंडातून अवाक्षर काढत नव्हती. ते ॲप सासूला तिनेच दाखवलं होतं आणि हे अजून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

"ॲपला हात लावायचा नाय," रंभा म्हणाली आणि पुन्हा लिंबू तोंडाला लावलं.

भांडण ॲपचं नव्हतंच. रंभाला तिच्या आईकडे जायचं होतं, स्वतःच्या पायांनी आणि कुणाच्या मागून न चालता. आजच्या प्रकारानंतर तिला पुन्हा जाऊ द्यायचं की नाही, एवढाच प्रश्न होता.

रंभाचं माहेर डोंगरापलीकडे, रोहे तालुक्यात. पेण तालुक्यातलं, गागोद्याच्या पुढचं हे सासरचं गाव डोंगराला इतकं चिकटलेलं आहे की अंगणात उभं राहिलं की समोर दुसरं काही दिसतच नाही. पूर्वी माणसं हा डोंगर चढून पलीकडे सहज जात-येत. रंभाही लग्न होऊन या घरात चालतच आली. पण म्हणून तिला वाट माहीत होती असं नाही. लहानपणी ती वडलांच्या मागे चालली, लग्नानंतर गोविंदाच्या मागे. तिला वाट माहीत नव्हती, पुढच्या माणसाच्या टाचा माहीत होत्या. वडलांच्या टाचांना भेगा होत्या, गोविंदाच्या उजव्या टाचेवर काट्याचा जुना वण आहे, हे ती झोपेतही सांगेल. पठारावर पोचल्यावर कुठे वळायचं हे मात्र तिने कधी विचारलं नाही आणि तिला कुणी सांगितलं नाही. पेणच्या बाजारातसुद्धा ती एका गल्लीतून शिरायची, भलत्याच गल्लीतून बाहेर पडायची आणि मग एसटी स्टँड विचारत फिरायची. रंभाला चुलीकडून मोरीकडे पाठवा, ती वडखळला पोचेल, असं तिचे सासरे पाहुण्यांना सांगत आणि पाहुणे हसत. रंभा पण हसायची. बाकी तिच्या कामाला कुणी नाव ठेवू शकत नव्हतं. लावणीला तिची ओळ कधी वाकडी आली नाही आणि तिने राखेत घोळून ठेवलेल्या वालाच्या बियाण्याला कधी भुंगा लागला नाही.

पुढे रस्ता झाला, गाड्या आल्या आणि डोंगरातली वाट गवताने गिळली. आता माहेरी जायचं तर मिनिडोरने हायवे गाठायचा, तिथून एसटी, उतरलं की पुन्हा रिक्षा. रंभा हातात लिंबू आणि प्लॅस्टिकची पिशवी घेऊन निघायची आणि पोचेपर्यंत तिचं चिपाड व्हायचं. आई तिला घोंगडीवर निजवायची. तिला बरं वाटून ती उठून बसेपर्यंत गोविंदा चप्पल घालून दारात उभा असायचा. एकदा अक्षयने मोटरसायकलवरून नेलं. तेव्हा पोट सांभाळलं, पण हायवेच्या खड्ड्यांनी कंबर धरली. मग जाणं वर्षाआड झालं, नंतर तेही राहिलं.

फोन होता, पण आईला, हौसाबाईंना, आता ऐकू येत नव्हतं. त्यांचा फोनही म्हणजे दवंडीच असायची. आमची लावणी झाली, म्हैस व्यायली, प्रदीपला ताप होता तो उतरला, तुझं बरं हाय ना, ठेवते. प्रदीप म्हणजे रंभाचा भाऊ. रंभाने तोंड उघडेपर्यंत पलीकडे फोन बंद झालेला असायचा. तिला आईला बरंच काही सांगायचं होतं. त्यातलं बरंचसं ओरडून सांगण्यासारखं नव्हतं.

दर नागपंचमीला गोविंदा म्हणायचा, मी नेतो ना तुला, डोंगरातनं नेतो. मग त्याचा गुडघा गेला. तरी तो म्हणतच राहिला.

या वर्षी श्रावण लागताना समीक्षाने देव्हाऱ्याचं तोंड नक्की पूर्वेला आहे का ते फोनवर पाहिलं. रंभा शेजारी वाती वळत बसली होती. ते काय आहे हे तिने विचारून घेतलं आणि मग जरा थांबून विचारलं, की माझ्या आयचं घर यात कुठल्या अंगाला येईल. समीक्षाने नकाशा उघडून पाहिला आणि दक्षिणेला असं सांगितलं. दक्षिणेचं इंग्रजी एस अक्षर वरच्या खुणेला आलं की आपलं तोंड दक्षिणेला, इतकं ते सोपं होतं. त्यानंतरचे काही दिवस रंभाने घरादाराच्या दिशा तपासण्यात घालवले. गोठा उत्तरेला आहे, असं तिने जेवताना जाहीर केलं. गोविंदा म्हणाला, की तो आजोबांपासून तिथंच आहे.

लावणी उरकली होती. रंभाने डोंगरातून माहेरी जायचं ठरवलं. शेजारची नूतन सोबत यायला तयार झाली, कारण तिचा नवरा हमरापूरला गणपतीच्या कारखान्यात रंगकामाला होता आणि गणपती तोंडावर आल्याने आठवडा आठवडा घरी फिरकत नव्हता. तिची जाऊ भाग्यश्री, नूतन जाते म्हणून तयार झाली. तिघींचे फोन एकाच दुकानातले, मागच्या दिवाळीत एकाच दिवशी घेतलेले. समीक्षाने तिघींच्या फोनवर ॲप टाकून दिलं. अंगणात उभं राहून तिघींनी ताडून पाहिलं, तिन्हीकडे तंतोतंत एकच दिशा.

गोविंदाने निघताना हटकलंच. "दक्षिणेला तोंड करून कोण निघतं गो? तिकडं यम राहतो."

"यम नाय, माझी आय राहते," रंभा म्हणाली.

पहिल्या ओढ्यावरूनच या परत येतील अशी त्याची खात्री होती, म्हणून त्याने अडवलं नाही.

पठारापर्यंत काही अडचण नव्हती. तिथवर बायका लाकडांना जातच असतात. पठारावर मात्र ढग उतरले होते. कमरेइतकं गवत, त्यात धुकं, वरून भुरभुर पाऊस. फोन भिजू नयेत म्हणून तिघींनी आपापले पाऊच काढले. हे पाऊच संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सरपंचबाईंनी वाण म्हणून लुटले होते. पुढे प्लॅस्टिकची खिडकी, गळ्यात अडकवायला दोरी आणि झाकणाला टप्पकन लागणारं चुंबकाचं बटण. आळीतल्या प्रत्येक बाईकडे तोच पाऊच, फक्त रंग वेगळा.

त्यानंतर सगळं फारच सोपं झालं. रंभाने पाऊचमधून पाहिलं, एस. चालायला लागल्या. दगडांचा ढीग आडवा आला म्हणून वळसा घातला आणि पुन्हा पाहिलं, एस. ओढा आडवा आला, पाणी जास्त होतं म्हणून काठाकाठाने गेल्या, तरी एस. करवंदीची जाळी लागली म्हणून चक्क आल्या दिशेला फिरल्या, तेव्हाही फोनने तक्रार केली नाही. आपण वळलो तशी वाटच वळली असणार, असं नूतन म्हणाली. भाग्यश्रीने आपला फोन पाहिला, नूतनने आपला पाहिला. तिन्ही फोन एकमताचे होते. तीन बायकांचं वाटेवरून एकमत झालं, तेव्हाच खरं तर संशय यायला हवा होता.

एकदा खाली लाल अक्षरांत इंग्रजीत काहीतरी आलं. नूतनने ती जाहिरात समजून बोटाने सारली. मग पडद्यावर फोन आठाच्या आकड्यासारखा फिरवायची खूण आली, तेव्हा तिघींनी धुक्यात उभं राहून गळ्यातले फोन आरती ओवाळल्यासारखे ओवाळले. खूण गेली आणि एस राहिला.

रंभा पुढे चालत होती. हे तिच्या बऱ्याच उशिरा लक्षात आलं आणि लक्षात आल्यावर तिने पदर खोचला. तिच्यापुढे कुणाच्याच टाचा नव्हत्या. घरात तिने काही म्हटलं की आधी 'नाय' यायचं, मग कारण यायचं. हा फोन मात्र ती वळेल तिकडे व्हय म्हणत होता. असं कुणी भेटलं की माणूस भरभर चालतं.

दुपार उलटल्यावर उतार लागला. ढगांत फट पडून खाली देवळाचा कळस दिसला, पलीकडे कौलं दिसली. रंभा थांबली. तिने ओढ्याच्या पाण्याने तोंड धुतलं, केस सारखे केले, कपाळावरची टिकली नीट दाबली. नूतनच्या पिशवीतले नारळ आणि साखरेचा पुडा आपल्या हातात घेतला. आईच्या दारात रिकाम्या हाताने जायला नको. केळींची पानं बाजूला करून ती पुढे झाली, तेव्हा समोर नणंद उभी होती.

अनिताने चहा केला. घरी निघताना नारळ आणि साखरही तिच्याकडेच ठेवावी लागली, कारण आणलेलं परत नेता येत नाही. रंभाचा फोन बंद पडायला आला होता, म्हणून तिने तो पाऊचमधून काढून चार्जिंगला लावला आणि सहज म्हणून ॲप उघडलं. एस भलतीकडेच होता. तिने फोन पाऊचमध्ये घातला, एस वर आला. काढला, गेला. घातला, आला. तिने बांगडीतली पिन काढून पाऊचच्या बटणाजवळ धरली, ती टप्पकन चिकटली. रंभाने पिन ओढून काढली, बांगडीत अडकवली आणि कुणाला काही सांगितलं नाही. बाहेर मिनिडोरचा हॉर्न वाजत होता.

ते तिने आता पडवीत, लिंबू बाजूला ठेवून सांगितलं. गोविंदा आधी हसला. वाणाच्या बटणाने तिघींना डोंगरभर नाचवलं, ही गोष्ट उद्या गावभर होणार होती आणि सांगणारा तोच असणार होता. अक्षय म्हणाला, की चुंबक जवळ आलं की असंच होतं, हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. मग तू का नाही सांगितलंस, असं रंभाने विचारलं. त्यावर तो बूट काढायला लागला.

"पण मी म्हणतो, घाई कसली होती?" गोविंदा म्हणाला. "मी नेणार होतो ना तुला?"

"कधी?"

"गुडघा बरा झाला की."

रंभाने त्याच्याकडे पाहिलं. तिचा आवाज चढला नाही.

"तुमचा गुडघा बरा होईल हो," ती म्हणाली. "आय तोवर थांबायची नाय."

गोविंदाने गुडघा चोळला. तो गुडघा बरा होणार नाही हे त्या घरात प्रत्येकाला ठाऊक होतं. ते म्हणायचं नाही असा अलिखित करार होता आणि रंभानेही तो मोडला नव्हता.

ती उठली आणि फोन घेऊन अंगणात गेली. पाऊस थांबला होता, डोंगर धुतल्यासारखा स्वच्छ दिसत होता. मोकळा फोन तळहातावर ठेवून ती हळूहळू वळत गेली, एस वर येईपर्यंत. मग तिने मान वर करून समोर पाहिलं. थोड्या वेळाने मागे काठीचा आवाज आला. गोविंदा तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. फोनकडे त्याने पाहिलं नाही, काठी उचलून डोंगराकडे धरली. फोन आणि काठी एकाच खिंडीकडे रोखलेले होते.

"पठारावर दोन ओढे लागतात," तो म्हणाला. "पहिला ओलांडायचा. त्याच्या काठाने गेलं की माणूस फिरून हिकडंच येतं. तुम्ही काठाने गेल्या असणार."

"व्हय," रंभा म्हणाली.

"दुसऱ्याच्या पुढं काळा कातळ हाय. त्याच्या डाव्या अंगाने उतरायचं. पावसात निसरडं असतं, बसून उतर."

रंभाने ते मनात दोनदा घोकलं. इतक्या वर्षांत ही वाट तिला पहिल्यांदाच कुणी सांगितली होती. त्याला आणखी सांगायचं होतं. तिसऱ्या वळणावरचा आंबा, पाणी प्यायची जागा, सगळं. तो सांगत राहिला, ती ऐकत राहिली. आत अक्षय आणि समीक्षा जेवायचं थांबून बसले होते.

रंभा आत आली. तिने पानं मांडली, सगळ्यांना भात वाढला, स्वतःचं पान घेतलं आणि बसली.

"सोमवारी मी आयकडं जाणार हाय," ती म्हणाली. "चालत. तिकडं चार दिवस राहीन. दूध अक्षय काढील, गुरांचं नि जेवणाचं तुमचं तुम्ही बघा."