कोराडीची मींड

मला एका जागी दहा मिनिटं बसता येत नाही. चाळिशी ओलांडली, पोट पुढे आलं, तरी नाही. नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या ज्या कचेरीत मी कारकून होतो, तिथले हेडक्लार्क माझ्या टेबलापाशी थबकून विचारायचे, “काहून गा, तुझी बोटं काय करून राहिली?” बोटं फायलीवर गिटार वाजवत असायची. फाइल पेन्शनची असो की पुराच्या नुकसानीची, त्यांना सारखीच.

त्या बोटांना एका माणसाने झपाटलं होतं. अमेरिकेतला जॅझ गिटारवाला. त्याचं नाव लिहीत नाही, कारण पुढे मी त्याच्याबद्दल गावभर जे सांगत फिरलो, ते कळलं तर बिचाऱ्याला झोप लागायची नाही.

गिटार म्हणजे तेव्हा आमच्याकडे दोनच प्रकार. मांडीवर आडवी घालून लोखंडी कांडीने रडवायची ती एक, आणि ऑर्केस्ट्रात मागे उभं राहून चकचक ताल धरायची ती दुसरी. हा माणूस गिटारवर बोलायचा. एक वाक्य बोलायचा आणि थांबायचा, समोरच्याने काही म्हणावं म्हणून. ड्रमवाला ब्रशने हलकेच “हं” म्हणायचा. मग दुसरं वाक्य, पहिल्याची खोडी काढणारं. ठेका पुढे निघून गेल्यावर हा मागून सावकाश यायचा, उशीर झाल्याची जराही लाज न बाळगता. मला लग्नाच्या पंगतीला वेळेवर पोचता येत नाही ते धांदलीमुळे. हा उशिरा पोचायचा तो ऐटीमुळे.

त्याच्या तीन रेकॉर्डी कोराडीच्या वीज केंद्रातल्या एका इंजिनिअर साहेबांकडे होत्या. ते प्रशिक्षणाला परदेशी गेले होते, येताना इतर लोक घड्याळं आणतात, यांनी हे आणलं. पहिल्या रेकॉर्डीत गिटारवाला तरुण आहे आणि सगळं आजच सांगून टाकायचं म्हणून धावतो. दुसरीत सोबत ऑर्गन आहे, चर्चमधल्यासारखा, आणि त्या भरघोस आवाजात तो जरा दबतो. तिसरीत तिघंच: गिटार, बास, ड्रम. मला वेड लागलं ते तिसरीचं. तिच्या कव्हरच्या मागे छापलं होतं की हा गिटारवाल्यांकडून फारसं शिकला नाही, सॅक्सोफोनवाल्यांच्या मागे हिंडला. म्हणून त्याची ओळ श्वासाएवढी लांब. फुंकणाऱ्याचा दम जिथे संपेल तिथे याची ओळ संपते. बोटांना कुठे दम लागतो? पण हा तेवढा पाळतो.

साहेबांनी ती तिसरी रेकॉर्ड मला एका संध्याकाळपुरती दिली. एप्रिलचा शेवट. मी ती छातीशी धरून थेट बर्डीवर, सीताबर्डीच्या बाजारात, माझ्या मित्राच्या दुकानात नेली. मित्र रेडिओ दुरुस्त करायचा आणि घरोघरच्या फ्रिजसाठी व्होल्टेज स्टॅबिलायझर बनवून विकायचा. हा दुसरा धंदा लक्षात ठेवा. त्याच्याकडे सेलवर चालणारा छोटा टेपरेकॉर्डर होता आणि भिंतीच्या विजेवर चालणारा एक म्हातारा रेकॉर्ड प्लेअर. प्लेअरमधून टेपवर उतरवायला आम्ही संध्याकाळी सातला बसलो.

दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर ती जादू झाली. गिटारवाला एका सुरावर थांबला आणि तो सूर सावकाश खाली ओघळला. तुटला नाही, पायरीपायरीने उतरला नाही, तेलासारखा ओघळला. आणि तसाच परत वर गेला. मित्राने डोळे मिटून माझा दंड धरला.

“मींड हाय बे ही,” तो म्हणाला. तो लहानपणी चार वर्षं सतार शिकला होता आणि उरलेलं आयुष्य ते सांगण्यात घालवत होता. “हा माणूस आपल्याकडं येऊन बीन, रुद्रवीणा, ऐकून गेला. लिहून घे.”

“कव्हरवर तर नाही लिहिलं.”

“चोर कधी लिहितो का गा, कोणाच्या घरून आणलं ते?”

त्याहून थोर गोष्ट ही, की गिटारबरोबर बासही ओघळत होता. ड्रमसुद्धा जरा जड व्हायचा. तिघं एकदम खाली, तिघं एकदम वर. “काय समज आहे एकमेकांची,” मी म्हणालो. तासाभरात असं सहा वेळा झालं, आणि कधी होईल ते आधी मुळीच कळत नव्हतं. हीच तर प्रतिभा, असं आमचं दोघांचं ठरलं.

घरी बायकोला टेप ऐकवली. ती तांदूळ निवडत होती. पहिल्या ओघळीला तिने मान वर केली.

“अहो, हा मधेच दमतो का?”

तुला कान नाहीत, असं मी तिला म्हणालो. त्या रात्री वरणात मीठ नव्हतं.

आता माझं काय पणाला लागलं होतं ते सांगतो. अजनीच्या रेल्वे वसाहतीतल्या क्लबात दर शनिवारी नाच असायचा, आणि त्या बँडचा गिटारवाला कुटुंबासकट ऑस्ट्रेलियाला निघून गेला होता. खुर्ची रिकामी होती. बँडचे म्होरके एक निवृत्त इंजिन ड्रायव्हर, अँग्लो-इंडियन, सॅक्सोफोन वाजवायचे. त्यांच्या तोंडात एकतर तो असायचा नाहीतर शिवी. त्यांनी मला जूनच्या पहिल्या रविवारी बोलावलं होतं. विदर्भात जॅझला तेवढी एकच खुर्ची होती. ती गेली तर मला जन्मभर फायलीच वाजवायच्या होत्या.

पाच आठवडे मी ती मींड घोटली. तार आधीच बाजूला ओढून धरायची, मग छेडायची, आणि हळूहळू सोडत सूर खाली न्यायचा, पुन्हा ओढत वर. बोटांची सालं निघाली. कचेरीत टाइपरायटर चालवता येईना, तर हेडक्लार्क म्हणाले, “बरं झालं, चुका तरी कमी होतील.” मी भेटेल त्याला सांगत सुटलो की अमेरिकेतल्या जॅझवर आपल्या बिनेचा प्रभाव आहे. एका वाचनालयात मी यावर पाऊण तास भाषण दिलं. अकरा जण होते, नऊ शेवटपर्यंत टिकले.

परीक्षेच्या आदल्या दिवशी, शनिवारी, मला राहवेना. एका मींडेत तो किती खाली जातो याची शंका होती. कचेरी सुटताच कोराडीची बस धरली. कोळशाच्या ट्रकांमागून रांगत आम्ही पोचलो. साहेबांच्या क्वार्टरच्या खिडकीत राखेचा थर होता. त्यांनी फडक्याने सुई पुसली आणि रेकॉर्ड लावली.

दुसरं गाणं आलं. तो सूर आला. मी डोळे मिटले. सूर जिथे होता तिथेच राहिला, आणि सरळ पुढच्या सुरावर गेला.

“साहेब, ही दुसरी रेकॉर्ड आहे.”

“माझ्याकडे एकच आहे.”

पूर्ण बाजू ऐकली. एकही मींड नाही. तिघंही शहाण्या माणसांसारखे आपापल्या जागी. मला वाटलं, घरातून कोणी तरी माणूस उचलून नेलाय आणि त्याच्या जागी त्याचा सज्जन भाऊ आणून बसवलाय.

साहेबांनी विचारलं, “टेप कुठे केली होती तुम्ही?”

“बर्डीवर.”

“किती वाजता?”

“सात.”

त्यांनी चष्मा काढला. त्यांच्या खांद्यांना हसू फुटलं होतं, तोंडाला अजून नव्हतं. “एप्रिलमध्ये सात वाजता अख्खं नागपूर कूलर लावतं. व्होल्टेज बसतं. तुमचा प्लेअर मंद झाला असणार.” मग त्यांनी खिडकीतून धुराड्यांकडे बोट केलं. “म्हणजे ती मींड आमची. इथे लाइन कधी बसत नाही, म्हणून आम्हाला ऐकू येत नाही.”

दुकानातला बल्ब त्या संध्याकाळी सहा वेळा मंद झाला होता. आम्ही पाहिला होता. पण उन्हाळ्यात बल्ब मंद होण्याकडे नागपुरात कोण लक्ष देतं? आणि मित्राच्या मागच्या फळीवर चौदा स्टॅबिलायझर ओळीने मांडलेले होते.

परत आल्यावर त्याला सांगितलं. त्याने फळीवरचा एक स्टॅबिलायझर उचलून फडक्याने पुसला. “बीन ऐकली असती तर त्याने असंच केलं असतं,” एवढंच म्हणाला.

उरलेली संध्याकाळ आणि रविवारची दुपार मी बोटांना सरळ चालायला शिकवत होतो. बायको म्हणाली, “आता नाही दमत तो.” मी तिची माफी मागितली. नीट, शब्दांत.

रविवारी साडेसहाला क्लब. पंखा, एक पिवळा बल्ब, पियानोवर ठेवलेली चहाची कपबशी, आणि ड्रायव्हर साहेब पाय पसरून. मी तेच दुसरं गाणं सुरू केलं. सरळ, स्वच्छ, ओळ श्वासाएवढी. मधे थांबलो, ठेक्याच्या मागे राहिलो. ते मान डोलवत होते. खुर्ची मला दिसायला लागली.

तेवढ्यात सात वाजले असावेत. वसाहतीतले कूलर लागले. बल्ब पिवळ्याचा तांबडा झाला, पंख्याची पाती मोजता यायला लागली, आणि माझ्या बोटाने मला न विचारता तार ओढली. सूर तेलासारखा ओघळला. लाइन वर आली, सूर वर आला. मी थांबलो. सगळं संपलं होतं.

ते म्हणाले, “बाबू, ये क्या था?”

मी सगळं सांगितलं. कूलर, बर्डी, कोराडी, वाचनालयातलं भाषणसुद्धा. ते इतके हसले की कपबशी वाजली. मग डोळे पुसून म्हणाले, “आ जा शनिवार को। लेकिन ये नहीं। लोग नाच रहे होते हैं, गिर जाएँगे।”

खुर्ची मिळाली. ज्या सुरासाठी मी बोटं सोलून घेतली, तेवढा वर्ज्य करून. महिनाभर मी खालमानेने सरळ वाजवलं. पाऊस आला, कूलर माळ्यावर गेले, पण मागच्या फाउंड्रीची विजेची भट्टी पेटली की क्लबातली लाइन बसायचीच. दर वेळी माझं बोट शिवशिवायचं आणि मी त्याला दाबून धरायचो.

पाचव्या शनिवारी दिवे पुन्हा मंदावले. फरशीवरची जोडपी जरा सावकाश झाली, कोणाकोणाने जोडीदाराला घट्ट धरलं. मी नियम पाळून सरळ वाजवत होतो. ड्रायव्हर साहेबांनी सॅक्सोफोन तोंडातून काढला, माझ्याकडे वळले, तळहात हवेत खाली ओघळवून दाखवला आणि नाचणाऱ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, “बाबू, बत्ती गई। सो गया क्या?”