एका ‘मा’चा फरक

आमच्या बागेतल्या वनमान्छेची गोष्ट माझ्या तोंडून ऐकलेली माणसं रत्नागिरीत ढिगाने सापडतील. हसून हसून पोट धरलेली. पण खरं काय घडलं ते त्यांतल्या एकालाही ठाऊक नाही — बायकोलासुद्धा नाही, आणि ती त्या दुपारी ओटीवरच बसलेली होती. तुम्हाला सांगतोय. तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल.

आधी मी कोण ते सांगतो. विज्ञानाचा मास्तर, आता निवृत्त. भुतांच्या मागे लागलेला माणूस — लोकांच्या मागे भुतं लागतात, मी भुतांच्या मागे. चकवा, गिऱ्हा, पिंपळावरचा मुंजा, कुठे काही दिसलं असं कानावर आलं की पिशवी उचलून तिथे हजर. शाळांतून व्याख्यानं अजून देतो. त्यात हिमालयातल्या यतीचा भाग मुलांना फार आवडतो. बर्फातलं पाऊल उन्हाने वितळून पसरतं, मग अस्वलाचं पाऊल राक्षसाचं वाटतं. केस सापडले आणि तपासले, की बहुधा अस्वलाचे नाहीतर बकरीचे निघतात. आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे, तरी यतीचा फोटो म्हटला की तो नेमका धूसर! हे मी आजही म्हणतो, आणि त्यात माझं काही चुकलेलं नाही. चुकलं ते दुसरीकडे — येतो तिथवर.

मिरजोळ्याच्या पुढे आमचं घर आणि घरामागे हापूसची कलमं. फळ धरलं की इकडे बहुतेक जण राखणीला नेपाळी गडी ठेवतात, कारण माकडांचा उपद्रव आणि चोरांचाही. आमच्याकडे दिलबहादूर होता. चाळिशीचा, अबोल माणूस. हिंदी मोडकंतोडकं, मराठी त्याहून. पहिल्याच दिवशी मी त्याला ताकीद दिली होती — मला विचारल्याशिवाय बाग सोडायची नाही. एक सकाळ सोडली तर ती त्याने अक्षरशः पाळली.

मे महिना होता. मुंबईहून मेव्हणे सहकुटुंब आलेले. सकाळी सगळे बागेत गेलो तेव्हा कोणीतरी दिलबहादूरला यतीबद्दल विचारलं. तो गंभीरपणे म्हणाला, माझ्या मामाने पाहिलाय. अंगभर केस, चालणं माणसासारखं. आमच्याकडे त्याला वनमान्छे म्हणतात. झालं, मला आयतं गिऱ्हाईक मिळालं. मी त्याची उलटतपासणी घेतली — मामा किती प्यायला होता, काळोख किती होता, मामाला चष्मा आहे का. मंडळी खूश. तोही हसला थोडासा, नोकर मालकासमोर हसतो तसा. ते मला तेव्हाच दिसलं होतं का? दिसलं असावं.

त्याच दुपारी जेवणं उरकून आम्ही ओटीवर फणसाचे गरे खात बसलो होतो, तर हा घामाघूम होऊन अंगणात. बागेच्या टोकाला पऱ्या आहे, उन्हाळ्यात कोरडा पडणारा ओढा. तिकडे हात करून तो म्हणाला,

“साब, वनमा मान्छे! हात-पैर से चलता है!”

आम्ही ऐकलं — वनमान्छे. चार पायांवर चालणारा वनमान्छे, खुद्द रत्नागिरीत, भर दुपारी! मेव्हण्यांच्या हातातला गरा खाली पडला. मीही डोळे पुसेपर्यंत हसलो. इथवर नुसती ऐकण्यातली चूक होती. गोष्ट सांगताना मी नेहमी इथून एकदम दुसऱ्या सकाळवर उडी मारतो.

ती सकाळ अशी. शेजारच्या वाडीतला दत्ताराम गाईची हरवलेली पाडी शोधत रानात गेला होता. पऱ्याच्या दरडीवरून खाली पडला आणि त्याचा खुबा मोडला. ओरडून ओरडून घसा बसला. हातांवर अंग ओढत तो सावलीपर्यंत सरपटला आणि रात्रभर तिथेच राहिला. घरची माणसं भलत्याच रानात शोधत होती. उजाडल्यावर दिलबहादूर माझी ताकीद मोडून खाली उतरला आणि त्याला पाठीवर घेऊन आमच्या अंगणात आला.

वाडी गोळा झाली. बसलेल्या घशाने दत्तारामने सांगितलं, हा काल दुपारीच वरून बघून गेला होता. कोणीतरी दिलबहादूरच्या अंगावर ओरडलं — काल बघितलंस ना रे, मग सांगितलं का नाहीस? त्याने माझ्याकडे पाहिलं.

आणि मी म्हणालो, “अहो, तो वनमान्छे, वनमान्छे करत होता. मला काय कळणार?”

एवढ्या काळजीतही माणसं हसली. दत्तारामला गाडीत ठेवताना दिलबहादूरने त्याचं डोकं धरून ठेवलं होतं.

आता मधलं — जे मी टाळत आलोय.

आदल्या दुपारी ओटीवर हशा चालू असताना मी दिलबहादूरला परत धाडायला फाटकापर्यंत गेलो होतो. तिथे आम्ही दोघंच. त्याने माझा दंड धरला. मला हात लावायची त्याची ती पहिलीच वेळ. आणि सावकाश, मठ्ठ मुलाला समजवावं तसं म्हणाला,

“वनमान्छे नहीं साब. वनमा — मान्छे. जंगल में आदमी. आदमी गिरा है. मैं जाऊं?”

मी ऐकलं. मला कळलं. एका ‘मा’चा फरक होता, आणि तो मला लख्ख कळला. तो मला चल म्हणत नव्हता, मदत मागत नव्हता. फक्त परवानगी मागत होता.

मग मी “जा, बाग सांभाळ” असं का म्हणालो? मागे ओटीवर सगळे माझी वाट पाहत होते. गोष्ट नुकती रंगात आलेली. परत जाऊन काय सांगायचं — की तो शहाणा आणि आपण मूर्ख? मनाशी म्हटलं, असेल कोणी झिंगलेला, उठेल आणि जाईल. म्हटलं खरं, पण ते मला तरी पटलं होतं का? ऐकीव मानू नका, जाऊन बघा, हे आयुष्यभर लोकांना सांगत आलो. पऱ्या कितीसा लांब — विडी संपायच्या आत पोचलो असतो. गेलो नाही. बायकोने विचारलं, “अहो, फाटकाशी काय म्हणत होता तो?” मी म्हटलं, सुट्टी मागत होता. आणि पुढचा गरा उचलला.

दत्ताराम कलमांवर चढून आंबे उतरवायचा. त्यात त्याचा हात कोणी धरत नसे. आता काठी घेऊन नाक्यावरच्या दुकानापर्यंत येतो आणि बाकावर बसतो. रात्रभर पडून राहिला नसता तर, असं इस्पितळात डॉक्टर काहीतरी सांगत होते. मी तिथून बाहेर आलो. दिलबहादूर त्या हंगामानंतर आला नाही. दुसऱ्या बागांतले नेपाळी म्हणाले, त्याला सगळे वनमान्छे म्हणून हाका मारायला लागले होते. ते नाव मी दिलेलं.

परवा नाक्यावर गेलो तर दत्ताराम बाकावर होता, शेजारी त्याचे कोणी पाहुणे. मला बघून त्याचा चेहरा फुलला.

“गुरुजी, त्या गुरख्याची काय चूक ओ? मी हायच माकडासारका, आमची मंडळी रोज सांगते! सांगा ना ती वनमान्छेची गोष्ट. ह्या पावण्यांनी ऐकली नाय.”

मी सांगितली. नेहमीसारखीच, फाटकाचा भाग सोडून. सगळ्यांत जोरात दत्ताराम हसला.