कड्याखालचा धूर

दरड कोसळल्यावर संस्थानाच्या सांगण्यावरून आमचा पाडा ओढ्याच्या अलीकडे आला. शेजारचा म्हातारा मात्र एकटाच कड्याखाली राहिला. दरसाल पेरणी झाली की उरलेली नागली आणि कोंबडी तो दरडीच्या धास्तीनं पावसाळ्यापुरती माझ्याकडे ठेवतो. कोंबडीला बजावतो, "नीट ऱ्हा गं, परक्याचं घर हाय."

यंदा मी म्हणालो, "बाबा, तुम्हीही इथंच राहा."

तो हसला. "मंग सकाळी कोनाचा धूर बघशील?"

माझी मान खाली गेली. पावसाळाभर आम्ही सगळे उठल्याबरोबर त्याच्या झोपडीकडे पाहतो. धूर दिसला की डोंगर जागेवर आहे असं समजून कामाला लागतो. हे त्याला ठाऊक होतं.

तो ओढ्याकडे निघाला. मी कोंबडी धरून उभा राहिलो. पुन्हा राहा म्हणालो नाही.