भरलेली छाती

लग्नाला वर्ष व्हायचं होतं तेव्हा माझी छाती भरू लागली. तालमीत वस्तादांनी सगळ्यांसमोर पाठीवर थाप मारली. "आता अंग धरलंय गड्यानं," ते म्हणाले. मी असा काही फुगलो की दुसऱ्या दिवसापासून खुराकाचं दूध दीड लिटर केलं. आता आठवलं की स्वतःच्याच कानाखाली द्यावीशी वाटते.

तालमीत नायटा कुणाला होत नाही? माती, घाम आणि घट्ट लंगोट. मला तो जांघेत होता, पाठीवरही पसरला होता. मेडिकलवाल्यानं आधी मलम दिलं, मग गोळ्या. पाकीट संपलं की रिकामं दाखवायचं आणि नवं आणायचं, असे पाच महिने गेले. खाज थांबत होती, मग विचारतंय कोण.

पण ती भरलेली छाती दुखायची. लढतीत समोरच्याचं डोकं लागलं की डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. आणि बायकोजवळ जायची इच्छाच मेली होती. मेहनतीनं दमतो, असं मी तिला सांगायचो. हळूहळू गजरा माळायचं तिनं सोडून दिलं. हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं, त्याची मला आजही लाज वाटते.

शेवटी छातीचं दुखणं बघून तीच मला राजारामपुरीत डॉक्टरांकडे घेऊन गेली. कुठलं औषध चालू आहे का, असं त्यांनी विचारलं. काही नाही, मी छातीठोकपणे सांगितलं. नायट्याची गोळी आम्ही औषधात धरतच नाही. औषध म्हणजे बीपीचं नाहीतर साखरेचं. बायकोनं पर्समधून रिकामं पाकीट काढलं आणि टेबलावर ठेवलं.

बुरशी मारणारी ही गोळी जास्त दिवस घेतली तर काही जणांत पुरुषाचं हार्मोन खाली येतं, डॉक्टर म्हणाले. त्यानं छाती वाढते, दुखते आणि इच्छाही जाते. त्यांनी गोळी बंद केली, रक्त तपासायला सांगितलं, हळूहळू उतरेल म्हणाले. वस्तादांनी वाखाणलेलं अंग ते हे! मला हसू आलं. मी बायकोकडे बघितलं, तर तिचे डोळे भरले होते.

"डॉक्टर," तिनं विचारलं, "म्हंजे माझ्यात काय खोट न्हवती न्हवं?"

डॉक्टर माझ्याकडे वळले.

"न्हाय," मी म्हणालो. "कधीच न्हवती."