फक्कीचं घर

प्रवरेच्या काठी, नेवाशाच्या अलीकडे, आमचं घर आहे. अजून त्याला भिंती नाहीत, इतकंच.

आम्ही चौघी शाळेत खो-खोच्या एका संघात होतो. तेव्हापासून जी मैत्री जुळली ती लग्नं, बदल्या, बाळंतपणं सगळ्यांतून टिकली. साठीच्या आसपास आल्यावर ठरलं, आता एकत्र राहायचं. एकीनं आपल्या माहेरच्या शेतातला नदीकडचा तुकडा देऊ केला. दुसरी आयुष्यभर शाळेत खेळ शिकवत आलेली. ती म्हणाली, "कागदावर काय कळतंय? जमिनीवर आखू." आणि पुढच्या रविवारी टेप, सुतळी आणि फक्कीची पिशवी घेऊन हजर.

तिनं भराभर पांढऱ्या रेषा ओढल्या. आम्ही कौतुकानं बघत राहिलो आणि मग हसून हसून बेजार झालो. बाईसाहेबांनी खो-खोचं मैदान आखलं होतं! स्वयंपाकघर, माजघर होतंच, पण आमच्या चार खोल्या एका ओळीत, एकीचं दार पूर्वेला, तर शेजारणीचं पश्चिमेला. सवयीचा हात, दुसरं काय.

"पुसते," ती ओशाळून म्हणाली.

"अजिबात नाही," मी म्हणाले. मला पूर्वेचं दार मिळालं होतं. माझ्या शेजारची खोली मिळाली ती माझ्या सगळ्यांत जुन्या मैत्रिणीला, संघातही ती माझ्या शेजारीच बसायची. तिचं दार नदीकडे. मधली भिंत दोघींची. सकाळचं ऊन माझ्याकडे, संध्याकाळचं तिच्याकडे. उन्हाचीसुद्धा वाटणी झाली म्हणून मी खूश.

मग दर रविवारी नगरहून एसटीनं जायचं, वाऱ्यानं पुसट झालेल्या रेषांवर पुन्हा फक्की टाकायची आणि दिवसभर त्या घरात राहायचं. नियम एकच: दारातूनच ये-जा करायची, भिंत ओलांडायची नाही. आम्ही स्वयंपाकघरात डबे उघडायचो, माजघरात चटई टाकून पडायचो. वर निंबाच्या फांद्या हलायच्या. डोळे अर्धे मिटले की मला छत दिसायचं, खरंच दिसायचं, आणि पलीकडे कुणीतरी कपबशा विसळत असल्याचा आवाजही यायचा.

एकदा शेजारच्या रानातली बाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन आली. "घर बांधताय म्हनं? कुठं हाय?"

"हे काय, स्वयंपाकघरातच उभ्या आहात तुम्ही."

तिनं खाली पाहिलं. "आगं बया! आन् मी चपला घालून!" असं म्हणत ती दोन पावलं मागं सरली, चपला काढल्या आणि मगच पुन्हा आत आली. त्या दिवसापासून आम्हीही चपला दाराबाहेर काढू लागलो.

मला हे घर हवं होतं. सरळच सांगते, नगरच्या माझ्या फ्लॅटमध्ये संध्याकाळी दिवा लावला की मला रडू येतं. एकटीनं म्हातारं व्हायची मला फार भीती वाटते.

म्हणून गेल्या महिन्यात डबे आवरताना माझी शेजारीण, ती पश्चिमेच्या दाराची, जेव्हा म्हणाली, "मी नाही येऊ शकणार गं. मुलगा कायमची पुण्याला ये म्हणतोय. सुनेचे दिवस भरत आलेत," तेव्हा मी तडकलेच.

"जा की मग. अडवलंय कुणी?"

तिनं डबा पिशवीत कोंबला आणि उठली. एसटीची वेळ होत आली होती. रस्ता तिच्या अगदी पाठीमागं, मधे फक्त स्वयंपाकघराची रेघ. एक पाऊल टाकलं असतं की बाहेर.

ती वळली. माजघरातून गेली, ओळीला वळसा घालून आपल्या खोलीच्या दाराशी पोहोचली. आत गेली, नदीकडे तोंड करून जराशी उभी राहिली. मग त्याच दारातून बाहेर आली आणि पुढच्या मोठ्या दाराशी येऊन चपला घातल्या. निघताना साडीचा काठ उंबऱ्याच्या रेषेवरून घासला. ती गुडघे धरत खाली वाकली, बाजूला सांडलेली फक्की चिमटीत घेतली आणि पुसलेली रेघ पुन्हा नीट ओढली. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही. बोटं पदराला पुसत एसटी गाठायला निघाली.

मी हाक मारायला हवी होती. मी डबेच आवरत राहिले.

पुढच्या रविवारी आम्ही तिघीच गेलो. वाऱ्यानं सगळं पुसट केलेलं. खेळ शिकवणारीनं पिशवी उघडली आणि माझ्याकडे बघत थांबली. "किती खोल्या आखू?"

मी टेपचं टोक धरून माझ्या शेजारणीच्या खोलीच्या कोपऱ्यावर जाऊन बसले.

"चार," मी म्हणाले. "आणि तिचं दार जरा मोठं घे. नातवंडं घेऊन येईल."